शालागृहांतील अ‍ॅस्बेस्टॉस आणि जाणण्याचे कर्तव्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धानंतर जी असंख्य शालागृहे उभी राहिली, त्यांच्या बांधणीत अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचा उपयोग इतक्या मुक्तहस्ताने झाला, की बाष्पनळ्यांच्या वेष्टनापासून छताला फवारलेल्या अस्तरापर्यंत आणि जमिनीवरील फरश्यांपर्यंत इमल्याचे एखादेच अंग त्यापासून अलिप्त राहिले असेल. आगीला दाद न देणारे आणि दीर्घकाळ टिकणारे हे द्रव्य मुलांच्या संरक्षणासाठीच वापरले जात होते, हे विसरता कामा नये. परंतु 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या प्रदेशातून वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, व पुढे 1964 मध्ये न्यूयॉर्कमधील उष्णतारोधक वेष्टने बसविणाऱ्या कामगारांच्या अभ्यासातून आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी जी सत्ये मांडली, त्यांनंतर या द्रव्याच्या निरुपद्रवीपणावर विश्वास ठेवण्यास आधार उरला नाही.

या द्रव्यामुळे होणाऱ्या व्याधींचे सर्वांत दुष्ट लक्षण म्हणजे त्यांचा विलंब. श्वासावाटे आत गेलेला सूक्ष्म तंतू फुप्फुसाच्या आवरणात कर्करोग निर्माण करतो तो बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी, किंवा त्याहूनही उशिरा. सातव्या वर्षी वर्गात घेतलेल्या श्वासाचे फळ माणसाच्या ऐन प्रौढपणी हाती येते. त्या वेळी शाळेची इमारत कदाचित पाडलेली असते, मुख्याध्यापक दिवंगत झालेले असतात आणि कोणत्या वर्षी कोणती भिंत फोडली गेली हे सांगणारे दप्तर कोठेही उपलब्ध नसते. आधी अपाय, मग फिर्याद आणि अखेरीस नुकसानभरपाई हा न्यायाचा नेहमीचा क्रम येथे सर्वस्वी निरुपयोगी ठरतो. जो कायदा अपायाच्या आधी पोहोचत नाही, तो या बाबतीत कधीच पोहोचत नाही.

ही गोष्ट अमेरिकेच्या विधिमंडळाच्या ध्यानी टप्प्याटप्प्याने आली. 1982 च्या नियमाने शाळांवर तपासणीचे आणि पालकांना कळविण्याचे बंधन घातले. परंतु आढळलेल्या द्रव्याचे पुढे काय करावयाचे, याविषयी तो मौन बाळगून होता. म्हणून 1986 मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला आणि सरकारी शाळांबरोबर ना-नफा तत्त्वावरील खासगी शाळाही त्याच्या कक्षेत आल्या. त्याचे मर्म बहुतेकांच्या समजुतीपेक्षा निराळे आहे. अ‍ॅस्बेस्टॉस दिसला की उपटून टाका, असे हा कायदा सांगत नाही. जे द्रव्य सुस्थितीत आहे, ज्याला कोणी धक्का लावत नाही, ते जागच्या जागी राहू द्यावे; ते चिरडले, कापले वा भोसकले गेले म्हणजेच तंतू हवेत मिसळतात, आणि घाईने केलेले उच्चाटन हे तर तंतू मोकळे करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन होय, ही जाणीव त्यामागे आहे. मात्र जागच्या जागी ठेवणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. शाळेने एक जबाबदार व्यक्ती नेमावी. दर सहा महिन्यांनी पाहणी आणि दर तीन वर्षांनी अधिकृत फेरतपासणी व्हावी. कोणत्या खोलीत काय आहे याची व्यवस्थापन योजना शाळेच्या कचेरीत ठेवून ती मागेल त्या पालकाला व शिक्षकाला दाखवावी, आणि ती उपलब्ध असल्याचे दरवर्षी सर्वांना कळवावे, अशा त्याच्या तरतुदी आहेत. जे काढावेच लागेल ते जागा प्लास्टिकने बंदिस्त करून, ओले ठेवून, प्रशिक्षित माणसांकरवी काढावयाचे. आणि काम संपल्यावर केवळ डोळ्यांनी पाहून समाधान मानावयाचे नाही, तर हवेचे नमुने तपासून मगच खोली मुलांना खुली करावयाची.

माझ्या मते या कायद्याची खरी थोरवी एका साध्या कलमात आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्या इमारतीत हे द्रव्य आहे, तेथील झाडलोट व दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक सेवकाला किमान दोन तासांचे शिक्षण मिळालेच पाहिजे, आणि ज्याच्या हातून त्या द्रव्याला धक्का लागण्याचा संभव आहे त्याला आणखी चौदा तासांचे. विद्वानांचे अहवाल आणि अधिकाऱ्यांचे शिक्के काहीही म्हणोत, छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवणारा, पडलेला चुरा कोरड्या झाडूने लोटणारा आणि तारेसाठी भिंतीला भोक पाडणारा माणूस हाच या सर्व व्यवस्थेचा शेवटचा आणि निर्णायक दुवा आहे. पहिला तंतू त्याच्याच फुप्फुसात शिरतो आणि दुसरा मुलांच्या. शासनाने आखलेल्या दक्षतेची परीक्षा ती वरच्या पायरीवर किती भव्य दिसते यावर नव्हे, तर शिपायाच्या हातापर्यंत ती पोहोचते की नाही यावर व्हावयास हवी.

केवळ कागदावरची दक्षता किती फसवी असते, याचा दाखला न्यूयॉर्क शहराने दिला. तेथील शाळांची पूर्वी झालेली तपासणी सदोष व अविश्वसनीय असल्याचे 1993 च्या उन्हाळ्यात उघडकीस आले, आणि इमारती पुन्हा तपासण्यासाठी शहरातील शाळांचा प्रारंभच लांबणीवर टाकावा लागला. कायदा होता, नोंदी होत्या. फक्त त्या नोंदींतले सत्य नव्हते. खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते, कारण अज्ञानी मनुष्य निदान संशय तरी बाळगतो.

आपल्याकडे हे द्रव्य भिंतीच्या पोटात लपलेले नाही, ते डोक्यावर उघडे आहे. गावोगावच्या शाळांच्या आणि त्यांच्या ओसऱ्यांच्या छपरांवर जे सिमेंटचे पत्रे दिसतात, त्यांतील पुष्कळशा पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटने बांधलेले असतात. फवारलेल्या अस्तरापेक्षा ते कमी ठिसूळ, हे मान्य; परंतु ऊन-पावसाने झिजलेला, आकड्यांसाठी भोके पाडलेला, माकडांच्या उड्यांनी किंवा वादळाने फुटलेला पत्रा निर्धोक राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी, नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षे किंवा ती संपल्यानंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला, तेव्हा व्याधीच्या विलंबाची पुरती दखल घेतली होती. त्या विवेकाचा लाभ पत्र्याखाली बसणाऱ्या विद्यार्थ्याला मिळालेला नाही, कारण तो कामगार नव्हे आणि शाळा कारखाना नव्हे.

सगळे पत्रे एका वर्षात उतरवा, अशी मागणी मी करणार नाही. खर्चाचा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठी भीती अशी, की तशा फर्मानाची अंमलबजावणी हातोड्यानेच होईल आणि फुटके तुकडे शाळेच्या अंगणात भरावासाठी पसरले जातील. जिल्हा परिषदांच्या इमारत नोंदवहीत छपराचे द्रव्य व त्याची आजची स्थिती यांचा स्वतंत्र रकाना असावा, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तो नव्याने भरला जावा. नवी छपरे दुसऱ्या द्रव्याची घालावीत. दुरुस्तीच्या प्रत्येक मक्त्यात स्पष्ट अट असावी की शाळा भरलेली असताना पत्र्याला हात लावावयाचा नाही. पत्रा आधी पाण्याने भिजवावयाचा, यंत्राने कापावयाचा नाही, शक्य तोवर अखंड उतरवावयाचा. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधून घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणीच पाठवावयाचे. मक्तेदाराच्या बिलावर सही करण्यापूर्वी ते तुकडे कोठे गेले याची पावती मुख्याध्यापकांनी मागावी, आणि ती मागण्याचा लेखी अधिकार शिक्षण खात्याने त्यांना द्यावा.