चष्म्यातला प्रसूतिकक्ष

देवणी

चि. छकुलीस,


लातूरच्या प्रशिक्षणातून तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर अख्खा प्रसूतिकक्ष उभा राहतो, बाईला रक्तस्राव सुरू होतो आणि पुढचं सगळं आपणच ठरवायचं, हे सांगताना तुझा आवाज कापत होता. "या खोट्या सरावानं खरं काम जमेल का आत्या?" असं तू विचारलंस.

जमेल. मात्र त्या चष्म्याकडून काय घ्यायचं, ते ओळखून घे.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 16 शिकाऊ सर्जनांवर एक प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये छापून आले. निम्म्यांनी आधी आभासी सराव केला, मग सगळ्यांनी दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. सराव केलेल्यांनी पित्ताशय 29 टक्के लवकर सोडवलं आणि चुका सहापटीनं कमी केल्या. पण पडद्यासमोर सराव करताना त्यांच्या हातात खऱ्या अवजारांसारख्या मुठी होत्या, हे ध्यानात ठेव.

चष्मा तुला क्रम शिकवील. रक्त वाहायला लागलं की पहिल्यांदा मदतीला हाक, गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, सलाईन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, मूत्राशय रिकामं आहे का, वार पूर्ण पडली का, कुठं फाटलंय का. पाठ असलेली ही यादी घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी आठवत नाही. चष्म्यात चुकलीस तर कुणाचा जीव जात नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा चुकून घे.

रक्त किती गेलं, हे मात्र चष्मा सांगेल त्या आकड्यावर शिकू नकोस. खऱ्या खाटेवर ते चादरीत मुरतं, कापसात जातं, आणि नुसत्या नजरेनं अंदाज हमखास कमी होतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टान्झानिया इथल्या अभ्यासात बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली आणि सगळे उपचार एकदमच सुरू केले; गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. हे 2023 मध्ये जाहीर झालं. साधी पिशवी, बाई! तिची चौकशी जरूर कर.

आणि बाळ रडलं नाही तर? तिथं हातच लागतात. अंगठा आणि तर्जनीनं मास्क दाबायचा, उरलेल्या तीन बोटांनी हनुवटी वर उचलायची, पण गळ्यावर भार नको. मान फार मागे गेली की श्वासाची वाट बंद होते, फार पुढे आली तरी तेच. मास्कची कड कुठं सुटली, ते बोटालाच कळतं. बॅग दाबल्यावर छाती उचलते का, ते बघ. पहिला श्वास पहिल्या मिनिटातच जायला हवा. यासाठी पाणी भरायच्या बाहुल्या मिळतात, हातात घेतलं की नवजात बाळासारखा भार लागतो. चष्मा काढल्यावर रोज ती बाहुली मागून घे. अठराव्या शतकात फ्रान्समधली सुईण आंजेलिक द्यु कुद्रे कापडाची आणि चामड्याची बाहुली घेऊन खेडोपाडी सुइणींना शिकवत फिरली, ती यासाठीच.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायलासुद्धा. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला: नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. त्या बायकांकडे व्हीआर नव्हतं. पुन्हा पुन्हा येऊन हात तपासणारं माणूस होतं. तुलाही तसं कुणीतरी लागेल.

म्हणून परत आलीस की एकटीच शहाणी होऊन बसू नकोस. आपल्याकडे सीमेपलीकडून कन्नड बोलणाऱ्या बायका येतात, तांड्यावरच्या येतात. घाबरलेली बाई तुझं मनगट धरून ठेवते, आणि तिच्याशी दोन शब्द तिच्या भाषेत बोललं की पकड सैल होते. चष्म्यातली बाई मनगट धरत नाही. म्हणून दर आठवड्याला सगळ्यांच्या सरावासाठी पंधरा मिनिटं मागून घे. डॉक्टर, दुसरी सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, सगळ्यांना उभं कर: औषध फ्रीजमधून कोण काढणार, 108 ला फोन कोण करणार, उदगीरच्या रुग्णालयाला आधी कोण कळवणार, हे नावं घेऊन ठरवा. मग एक दिवस कुणाला न सांगता रात्रपाळीला हाच सराव लाव.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या