अनित्याच्या डोंगरावरची अक्षयनीवी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांकडे चढून गेलेला माणूस आधी तिसऱ्या लेण्यातला भव्य चैत्य पाहतो. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, दोन व्यापारी भावांनी तो कोरवून घेतला. पण इथे भिक्षू कसे राहत होते ते पाहायचे तर वरच्या पायऱ्या चढायला हव्यात. शंभराहून अधिक लेण्यांपैकी बहुतेक लहान आहेत: पुढे ओसरी, आत खोली, भिंतीलगत निजायला दगडी ओटा आणि दाराशी चौकोनी तोंडाचे पाण्याचे टाके. पावसाळ्यात कातळात खोदलेल्या पन्हळीतून पाणी आजही टाक्यात उतरते. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि कोरलेल्या निवासाला ‘लेण’. तोच शब्द आपण अजून वापरतो.

हे सगळे कोणाच्या पैशांतून उभे राहिले? लेखांत कल्याण, सोपारा, चौल ही नावे भेटतात. बंदरांतले व्यापारी, सोनार, लोहार, गृहस्थांच्या बायका, इतकेच काय, स्वतः भिक्षुणीही दान देताना दिसतात. आणि या दानांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: अक्षयनीवी. मुद्दल कधी मोडायचे नाही, त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या चिवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, खर्च भागवायचा.

सगळे अनित्य आहे, असे शिकवणाऱ्या धर्माच्या दारात लोक न संपणारी ठेव ठेवत होते. ही विसंगती म्हणायची का? विनयाने, म्हणजे संघाच्या नियमावलीने, भिक्षूला सोन्याचांदीला हात लावायची मनाई केली होती, पण पावसाळ्याचे महिने एका जागी राहणाऱ्या संघाला छप्पर, पाणी, वस्त्र लागणारच. व्यक्तीने सोडलेले संघाने सांभाळायचे, अशी ती तडजोड होती. ती प्रामाणिक होती असे वाटते, कारण दानाचा हिशेब लपवलेला नाही, उघड्या भिंतीवर कोरलेला आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, दूरच्या गौड देशातून आलेल्या अविघ्नाकराने इथे ध्यानासाठी खोल्या बांधवल्या आणि 100 द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली. त्याच काळातल्या दुसऱ्या एका दानात भिक्षूंच्या पुस्तकांसाठीही रक्कम राखून ठेवलेली आहे.

मुद्दल कुठे गेले, कोणास ठाऊक. संघही विखुरला. नव्वदाव्या लेण्यात मात्र पहलवी लिपीतले लेख आहेत, 1009 आणि 1021 सालचे. इथे येऊन गेलेल्या पारशांनी ते कोरले. लेणी बघायला येणाऱ्या परक्या माणसांची ही जुनी नोंद.

कान्हेरी सोमवारी बंद असते. जमले तर श्रावणात जा, चैत्य पाहून परत फिरू नका. वर चढा आणि एखाद्या पोढीशी थोडा वेळ बसा. लेणे रिकामे आहे, टाके भरलेले असते.