रुळलेला माणूस

“रुळलास का?” मी दोह्याला गेल्यावर पहिली दोन वर्षं आईच्या प्रत्येक फोनमध्ये हा प्रश्न असायचा. तिसऱ्या वर्षी तिनं विचारणं सोडलं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

निघण्याआधी पुण्यात आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्यात फळ्यावर इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा एक आलेख काढला गेला. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानं १९५५ साली, अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या अनुभवांवरून मांडलेली ती कल्पना. आधी उत्साह, मग घसरण, मग पुन्हा चढ. पुढे १९८८मध्ये स्ट्युअर्ट ब्लॅक यांनी जपानमधल्या अमेरिकी मॅनेजरांचा अभ्यास केला, आणि जुळवून घेण्याचे तीन भाग मानण्याची पद्धत पडली: काम, स्थानिक माणसांशी वागणं आणि रोजचं जगणं.

मी तिन्हींत पास झालो. मीटिंग विषयापासून नाही, तब्येतीच्या चौकशीपासून सुरू होते हे शिकलो. ‘इन्शाल्ला’ म्हणजे प्रत्येक वेळी नकार नसतो हे कळलं. रमझानमध्ये दिवसा चारचौघांत पाण्याची बाटली तोंडाला लावायची नाही, हे अंगवळणी पडलं. करक चहाची तर अशी सवय लागली की पुण्यात आल्यावर अमृततुल्यही पाणचट वाटायचा (हे पुणेकरांनी मनावर घेऊ नये). यातल्या कशाचाही मला आज पश्चात्ताप नाही. वेगळं म्हणजे चूक नव्हे, हे प्रशिक्षणातलं वाक्य इथवर खरंच होतं.

पण त्या आलेखात माणूस किती जुळला हे मोजतात. कशाशी जुळला, याला तिथं अक्षच नाही.

माझ्या केबिनमध्ये एक लोखंडी कपाट होतं. त्यात आमच्या साइटवरच्या अडतीस कामगारांचे पासपोर्ट होते आणि किल्ली माझ्याकडे. माझा स्वतःचा पासपोर्ट घरी, बायकोच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी. पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, हे असं का? “सुरक्षित राहतात. इथं असंच असतं.” कतारच्या २००९च्या कायद्यानुसार निवास परवान्याचं काम झालं की पासपोर्ट कामगाराला परत द्यायचा होता. म्हणजे इथं ‘असंच’ नसायला हवं होतं. पण मला ते वाक्य पुरलं. वर्षभरानं नव्या इंजिनियरला मीच ते ऐकवलं.

२०१२च्या ऑगस्टमध्ये डक्टिंगच्या टोळीतला एक नेपाळी फोरमन सकाळी केबिनच्या दारात उभा राहिला. “साब, पिताजी गुजर गए.” थोरला मुलगा. अग्नी त्यानंच द्यायचा, तेरा दिवस त्यानंच पाळायचे. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या घरीही तेच आहे. पासपोर्ट माझ्या कपाटात होता. पण तेव्हा देशाबाहेर पडायला प्रायोजक मालकाचा परवाना लागे, आणि त्यावर सही करणारे आमचे साहेब सुट्टीवर युरोपात होते. त्यांचा मोबाइल नंबर माझ्याकडे होता.

मी फोन केला नाही. एचआरला ईमेल टाकली. पुढच्या आठवड्यात फॉल्स सीलिंग बंद करण्याआधीची तपासणी होती आणि तो माणूस मला साइटवर हवा होता, हे एक कारण. सुट्टीत साहेबांना फोन करणारा मॅनेजर अजून ‘रुळला नाही’ असं ठरतं, हे दुसरं. आणि दुसरंच जास्त खरं. त्याला मी म्हणालो, “यहाँ ऐसा ही होता है, थोडा सब्र करो.” तो निघाला तो नवव्या दिवशी.

मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली की ती त्यांची संस्कृती, मी परका, मी काय करणार? आता ते पटत नाही. तो कायदा त्यांचा होता हे खरं. बहुतेक कामगारांसाठी तो परवाना २०१८मध्ये त्यांनीच काढून टाकला. पण त्या कपाटाचा निर्णय ज्या टेबलावर झाला तिथं एक ब्रिटिश, दोन लेबनीज, एक मल्याळी आणि मी होतो. कतारी एकही नव्हता. आम्ही ज्याला ‘इथली पद्धत’ म्हणायचो, ती बाहेरून आलेल्या मॅनेजरांनी एकमेकांकडून उचललेली सोय होती. मी यजमानांच्या रीतीशी नाही, माझ्यासारख्याच पाहुण्यांशी जुळवून घेतलं. आणि त्या साइटवर रीतीनं मला सर्वांत जवळचा होता तो तो नेपाळी माणूसच.

उलट बाजूही आहे. माझ्यावर पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज होतं. मी अडून बसलो असतो तर कदाचित परत पाठवलं असतं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली असती. हा युक्तिवाद खोटा नाही. फक्त, मला नोकरी सोडायची नव्हती, एक फोन करायचा होता.

तो दोन महिन्यांनी परत आला. डोक्यावर नुकते वाढलेले केस. त्यानं घरून गुंद्रुकची पुडी आणली होती, माझ्यासाठी. “आपने जाने दिया, साब,” म्हणाला. मी ती घेतली.

नंतर मी पासपोर्ट परत द्यायचं ठरवलं तेव्हा अकरा जण नको म्हणाले. एका खोलीत आठजण, कुलपाची जागा नाही, हरवला तर? मी खोल्यांसाठी छोट्या लॉकरांची मागणी नोंदवली. पैसे मंजूर व्हायला सात महिने लागले. त्या काळात कपाट माझ्याच केबिनमध्ये होतं. मी ते उघडं ठेवायला लागलो, आणि किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली, सगळ्यांना दिसेल अशी. तिला माझ्यादेखत कुणीच हात लावला नाही.