घरकुलाचा अर्ज आणि संतोष

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात देठ खुडण्याचे काम करणारी एक माउली आमच्या कीर्तनाला नेहमी येते. गेल्या पावसाळ्यात तिच्या घराची मातीची भिंत खचली. आम्ही भेटीस गेलो तेव्हा सहज विचारले, "माय, नगरपरिषदेत घरकुलाचे अर्ज घेत होते, तू का नाही केलास?" ती म्हणाली, "तुम्हीच सांगं ना, महाराज, घरदार सम्दं मिथ्या से म्हनीसन. मंग मी फारम भराच नही."

आम्ही निरुत्तर झालो. वैराग्यावरचे ते निरूपण आमचेच होते, आणि ते आटोपून त्या रात्री आम्ही निजलो ते स्लॅबच्या घरात. तेव्हापासून एक प्रश्न मनाला टोचतो आहे. ज्याला धड छप्पर नाही त्याने सरकारकडे घर मागितले, तर त्याच्या संतोषाला बाध येतो काय?

विचार करता असे दिसते की, त्याग हा जवळ असलेल्या वस्तूचाच होतो. जिच्यापाशी घर नाही तिने कशाचा त्याग करावा? तिला वैराग्य सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे होय. शिवाय आपला संप्रदाय प्रपंचाला वाळीत टाकणारा नव्हे. नाथमहाराजांनी पैठणात संसार करूनच परमार्थ केला. शास्त्रकारांनीही गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानला आहे. दिंडीला वाटेत भाकरी मिळते ती कोणाच्या तरी चुलीवरची, आणि चुलीला छप्पर लागतेच.

चोखोबांचा अंत मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून झाला, असे परंपरा सांगते. ती कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण आपल्याच गल्लीतली खचलेली भिंत आपल्याला दिसत नाही!

कोणी म्हणेल, सरकारकडे मागणे ही याचनाच. आम्हांस तसे वाटत नाही. तो पैसा सर्वांच्या कराचा आहे. देठ खुडणारी बाई साबणाची वडी विकत घेते, तेव्हा तीही त्यात भर घालते. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली निघाली; शहरांसाठी तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. आपल्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल कुटुंबाला महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख मिळतात, आणि तेही काम वर येईल तसे हप्त्याहप्त्याने खात्यात जमा होतात. अट अशी की, वर्षाचे उत्पन्न ३ लाखांच्या आत असावे, आणि पती, पत्नी व अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर नसावे.

खरी परीक्षा या अटीपाशी आहे. नावावर पक्के घर असता 'नाही' असे लिहून देणारा चोरीच करतो, मग त्याच्या गळ्यात तुळशीची माळ का असेना. आणि खरोखरच घर नसता केवळ संकोचाने मागे राहणारा आपल्या लेकराबाळांना पावसात ठेवतो. संतोष अर्ज न करण्यात नाही, खोटे न लिहिण्यात आहे.

असो. आम्ही त्या माउलीची क्षमा मागितली. उत्पन्नाचा दाखला, आधार, जागेचा उतारा असे कागद जमवून तिच्याबरोबर नगरपरिषदेत गेलो. अर्ज दाखल झाला. मंजुरीचे अद्याप कळलेले नाही. तोवर भिंतीला ताडपत्री बांधली आहे. यापुढे घराचे मिथ्यात्व आम्ही आधी स्वतःला सांगू, मग पक्क्या घरात राहणाऱ्यांना. कीर्तनकार बंधूंनीही एवढा विचार करावा, ही नम्र विनंती.

रामकृष्णहरी.