बॅटरीचे उत्तरायुष्य आणि चाकणचा पट्टा

राजगुरुनगर हे ज्या खेड तालुक्याचे मुख्य ठिकाण, त्याच तालुक्यातील चाकण औद्योगिक क्षेत्रात बजाजच्या विजेवरील चेतक स्कूटरचे उत्पादन सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या विद्युत मोटारीही येथेच तयार होतात. या वाहनांतील बॅटऱ्या पुढील दशकात निकामी होऊ लागतील, तेव्हा त्यांतील धातूंचे काय करायचे, हा प्रश्न बहुधा तंत्रज्ञानाचा समजला जातो. वस्तुतः तो किंमत, जागा आणि जबाबदारी यांच्या नियोजनाचा आहे, आणि या तिन्हींचा निर्णय वाहन कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीच व्हायला हवा.

भंगाराला भाव असला की त्याचे संकलन आपोआप होते, हे शिशाच्या बॅटरीने दाखवून दिले आहे. अशा बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा शिशाचा असतो आणि ते अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे जुनी बॅटरी रस्त्यावर पडून राहत नाही, दुकानदार ती नव्या बॅटरीच्या किमतीत वळती करून घेतो आणि भंगारवाला तिच्यासाठी रोख पैसे मोजतो. पण ज्या गुणामुळे हे चक्र फिरते, त्याच गुणामुळे उघड्यावरची छोटी भट्टीही परवडते, आणि तिच्या धुरातून व मातीत सांडलेल्या आम्लातून शिसे कामगारांच्या व मुलांच्या रक्तात उतरते. विक्रेत्यांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे बंधन घालणारे नियम २००१ मध्येच आले, तरी बेकायदा भट्ट्या बंद झाल्या नाहीत. पुनर्चक्रीकरणाचे प्रमाण मोठे असणे आणि ते निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातून मिळणारा पहिला धडा होय.

लिथियम बॅटरीचे गणित याच्या उलट आहे. वर उल्लेखिलेल्या महिंद्राच्या मोटारींत ५९ व ७९ किलोवॅट-तास क्षमतेचे जे संच बसवले जातात, ते लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या रसायनावर चालतात. हे रसायन टिकाऊ आणि तुलनेने सुरक्षित असले, तरी त्यात कोबाल्ट व निकेल हे महाग धातू नसल्याने भंगार म्हणून त्याचे मोल कमी ठरते. असा संच रिता करून, फोडून, दळून त्याची काळी भुकटी बनवणे आणि ती आम्लात विरघळवून लिथियम वेगळे काढणे, यावर होणारा खर्च मिळणाऱ्या मालातून भरून निघेलच असे नाही. शिशाच्या बाबतीत बाजाराने केलेले संकलनाचे काम येथे कायद्याला करावे लागणार, ते यामुळेच.

तो कायदा आता अस्तित्वात आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ‘विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व’, म्हणजे विकलेल्या वस्तूच्या अखेरपर्यंतची उत्पादकाची जबाबदारी, बंधनकारक केली; विद्युत वाहनांच्या बॅटरीतून २०२६-२७ पासून ९० टक्के पदार्थ परत मिळवले जावेत आणि नव्या बॅटरीत २०२७-२८ पासून किमान ५, तर २०३०-३१ पासून २० टक्के पुनर्प्राप्त पदार्थ वापरावेत, अशी उद्दिष्टे ठरवली. मात्र उत्पादक ही जबाबदारी प्रमाणपत्रे विकत घेऊनही पार पाडू शकत असल्याने, ती कागदावर पुरी होत असतानाच संच उघडण्यास अवघड, डिंकाने घट्ट चिकटवलेला राहू शकतो. वाहनासाठी अपुरी ठरलेली बॅटरी बऱ्याचदा मूळ क्षमतेच्या ७० ते ८० टक्के वीज साठवू शकते. ती दळण्यापूर्वी सौरऊर्जेच्या साठवणुकीसाठी वापरणे अधिक शहाणपणाचे आहे, पण त्यासाठी संच सहज सुटा व्हावा आणि त्याच्या वापराची नोंद तपासणाऱ्याच्या हाती यावी लागते. या दोन्ही गोष्टी आरेखनाच्या टेबलावरच ठरतात.

उरतो जागेचा प्रश्न. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांचे भंगार वर्षानुवर्षे चिखलीतील कुदळवाडीने पचवले. वारंवार लागणाऱ्या आगी आणि प्रदूषण यांवरून महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील गोदामे व शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. नियमबाह्य बांधकामांवर कारवाई होणे योग्यच. परंतु भंगाराची वस्ती हटवल्याने भंगार निर्माण व्हायचे थांबत नाही, ते केवळ नजरेआड, बहुधा कमी देखरेखीच्या ठिकाणी जाते. लिथियमच्या बाबतीत हे अधिक घातक आहे, कारण अर्धवट भारित बॅटरी चुकीच्या हाताळणीने स्वतःहून पेट घेऊ शकते.

प्रत्येक तालुक्यात पुनर्चक्रीकरणाचा कारखाना परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. रासायनिक प्रक्रियेला मोठा पुरवठा लागतो. शिवाय भामा आणि इंद्रायणी या दोन्ही नद्या भीमेला मिळतात आणि भीमेचे पाणी उजनीत साठते, हे ध्यानात घेता आम्लयुक्त सांडपाण्याचा उद्योग या खोऱ्यात आणण्याआधी शंभरदा विचार व्हावा. पण संकलन, तपासणी, सुटे करणे आणि पुनर्वापर ही कामे कोरडी आहेत, ती जेथे कुशल हात आहेत तेथेच करावीत, आणि भंगाराच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्यांना प्रशिक्षण व परवाना देऊन त्यांत सामावून घ्यावे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रीकरणासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आहे. तिचा लाभ केवळ नव्या यंत्रांपुरता राहू नये. औद्योगिक क्षेत्राच्या पुढील टप्प्याचे भूखंड आखताना वाहनांच्या जुळणीला जेवढ्या निःसंकोचपणे जमीन दिली जाते, तेवढ्याच निःसंकोचपणे त्यांच्या सुटे होण्यालाही दिली गेली, तरच विजेवरच्या वाहनाला स्वच्छ म्हणण्याचा अधिकार या पट्ट्याला मिळेल.