पगार, गुपित आणि सदसद्विवेक

आपल्या धर्मग्रामांतून कायद्याची पदवी घेणारी सर्वच मुले-मुली कोर्टाची पायरी चढतात असे नाही; काहीजण बँका, कारखाने व मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागात नोकरी पत्करतात. अशा पगारी कायदेतज्ज्ञाची निष्ठा नेमकी कोणाशी असावी, याचा विचार आपण करावयास हवा.

आपल्या देशातील कायद्याने या प्रश्नाला एका अंगाने उत्तर दिले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ४९व्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्याला वकिली थांबवावी लागते. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्वाळा दिला की, वकील व अशील यांच्यातील गुपिताला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२व्या कलमाने जे संरक्षण दिले आहे, ते कंपनीच्या नोकरीतील कायदेतज्ज्ञाला मिळणार नाही. पगारासाठी मालकावर विसंबणारा पुरेसा स्वतंत्र नसतो, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१० साली अक्झो नोबेल खटल्यात हाच विचार मांडला होता.

मग पगार घेणाऱ्याचा सदसद्विवेक गहाण पडतो काय? तसे आम्हांस वाटत नाही. मात्र धोका खरा आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने २०१४ साली सदोष इग्निशन स्विचपायी सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावल्या. चालत्या गाडीचे इंजिन अकस्मात बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. अपघातांचे दावे कायदा विभागाकडे येत होते, तडजोडीही होत होत्या. परंतु धोक्याची हाक वेळेवर वरिष्ठांपर्यंत गेली नाही. पुढे १५ जणांना कामावरून काढण्यात आले, त्यांत कायदा विभागातील माणसेही होती.

येथे कोणी म्हणेल, धर्मगुरूही पापनिवेदनाचे गुपित प्राणपणाने जपतातच ना? होय, पण ते गुपित पश्चात्तापी माणसाला देवाकडे परतण्याची वाट मोकळी ठेवते. दुसऱ्याचा जीव धोक्यात ठेवून नफा राखणाऱ्या मौनाला त्याची उपमा देता येणार नाही. शिवाय कायदेतज्ज्ञाचा अशील म्हणजे कंपनी, खुर्चीवरचा साहेब नव्हे. एन्रॉन कंपनी २००१ साली कोसळल्यावर अमेरिकेने २००२ साली कायदाच केला: गैरव्यवहाराचा पुरावा दिसल्यास वकिलाने वरिष्ठांना कळवावे, आणि त्यांनी दाद न दिल्यास संचालक मंडळापर्यंत जावे.

संत थॉमस मोर हेही राजाच्या चाकरीतील कायदेपंडित. सदसद्विवेकाला पटेना तेव्हा त्यांनी १५३२ साली चॅन्सेलरपद सोडले, आणि १५३५ साली मस्तकही दिले. आपल्या मुलांकडून कोणी मस्तक मागत नाही. बढती मागतो, कधी नोकरी मागतो. अशा वेळी घराच्या कर्जाचा हप्ता त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. "गप्प बस, सांभाळून घे," असा सल्ला घरातूनच मिळाला, तर त्यांनी बळ कोठून आणावे? मुलाच्या पगाराचा अभिमान बाळगणाऱ्या कुटुंबाने त्याच्या नकाराचाही भार वाहण्याची तयारी ठेवावी. न्यायालय कायद्याने त्याला स्वतंत्र मानो अथवा न मानो, खरे बोलण्याचे स्वातंत्र्य त्याला प्रथम घरातच लाभावे.