पांढरा तास कोणाचा?

ऑफिसातल्या आउटलुकला एक्स्चेंज सर्व्हर जोडला, की टपालामागोमाग कॅलेंडरही येतं. भरलेला तास साऱ्यांना निळा दिसतो, मोकळा पांढरा. आणि मोकळ्याला साहेब रिकामा समजतात! घरच्या कालनिर्णयावर सौ. दुधाचे खाडे मांडते. तिथं कोणी मीटिंग घुसवत नाही.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात. अर्धी रजा मंजूर असते. तरी त्या तासावर ‘कामात’ लिहिणं खोटंच की! पण नोंदीला ‘खासगी’ म्हटलं, की तास भरलेला दिसतो, कारण झाकलेलं राहतं. याला मौन म्हणतात, आणि मौनाला लबाडी म्हणायला मी तयार नाही. पगार तासांचा घेतो हो, कारणांचा नाही.

नोव्हेंबर २०२५मध्ये थंडरबर्ड एक्स्चेंजचं टपाल थेट आणू लागला. कॅलेंडर त्या खेपेला नव्हतं. चिरंजीव म्हणाले, ‘अर्धवट!’ मला तो सभ्य पाहुणा वाटला. पत्र देतो, डायरी चाळत नाही.